अँकी अ‍ॅपचा रिव्ह्यू: फर्स्ट इयर एमबीबीएसला रोजचा अभ्यास कुठेतरी संपला पाहिजे, त्यासाठी

नवीन बॅच आली की प्रश्न ठरलेले असतात, अ‍ॅनाटॉमीला चौरसिया घेऊ का, फिजिओला गायटन झेपेल का, बायोकेमला वासुदेवन पुरेल का. पुस्तकांचं काय, सीनियर सांगतातच. मला वाटतं त्याच्याआधी हे विचारायला पाहिजे की रात्री पुस्तक मिटताना आजचा अभ्यास झाला हे आपल्याला कळणार कशावरून. नीटच्या वेळी सिलॅबस मोठा होता पण एनसीईआरटीची पुस्तकं कुठेतरी संपायची तरी, इथे अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री तिन्ही विषय एकदम अंगावर येतात आणि जितकं वाचाल तितकं कमीच, मग माणूस जेवताना, घरी फोनवर बोलताना, भाट्याच्या बीचवर मैत्रिणींबरोबर बसलेला असताना पण मनातल्या मनात अभ्यासच करत असतो आणि खरं म्हणजे अभ्यासही होत नाही आणि बसणंही होत नाही. मुलं पहिल्या वर्षी खचतात ती मला तरी याच्यामुळे खचताना दिसली, तासांपेक्षा या न संपण्यामुळे.

मी रत्नागिरीत एमबीबीएस करते, फर्स्ट इयर पार पडलं, घर राजापूर तालुक्यात नाटे गावाच्या बाजूला. वर्षभर अँकी वापरलं आणि त्याच्याबद्दल मनापासून लिहायचं होतं, कारण यूट्यूबवर सगळे "टॉपर कसं व्हायचं" याच अंगाने सांगतात. मला ते अ‍ॅप मोलाचं वाटतं ते वेगळ्या कारणासाठी, ते घरी जाऊ देतं.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. अँकी म्हणजे फ्लॅशकार्डचं फुकट सॉफ्टवेअर, २००६ मध्ये डेमियन एल्म्स नावाच्या माणसाने काढलं. तुम्ही कार्ड बनवायचं, पुढे प्रश्न मागे उत्तर, आणि उत्तर बघून झालं की अगेन, हार्ड, गुड, इझी यातलं एक बटण दाबायचं. आठवलं असेल तर ते कार्ड काही दिवसांनी परत येतं, मग दोनेक आठवड्यांनी, मग महिन्या-दोन महिन्यांनी, असं अंतर वाढत जातं. नाही आठवलं तर थोड्या वेळात परत समोर. बस्स, एवढंच आहे. यामागची गोष्ट जुनी आहे, १८८५ मध्ये एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने निरर्थक अक्षरं स्वतः पाठ करून आपण किती लवकर विसरतो ते मोजलं होतं. आणि २००६ मध्येच रोडिगर आणि कार्पिकी यांचा एक प्रयोग छापून आला, त्यात परत परत वाचणाऱ्या मुलांपेक्षा पुस्तक मिटून आठवून बघणाऱ्या मुलांना आठवड्याने जास्त लक्षात होतं. आपण मात्र हायलायटर घेऊन तेच पान चार रंगांत रंगवत बसतो, म्हणून हे सांगितलं.

आता फर्स्ट इयरला ते बसतं कसं ते. दुपारी डिसेक्शन हॉलमध्ये ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे हाताकडे जाणाऱ्या नर्व्ह्जचं जाळं, शिकून झाली, तर संध्याकाळी तेवढ्याचीच कार्ड्स करायची. रूट्स कुठून कुठपर्यंत, सी ५ ते टी १. अर्ब्ज पाल्सीत, म्हणजे या नर्व्ह्जना इजा होऊन हात लुळा पडतो त्यात, कुठली रूट्स जातात, सी ५ आणि सी ६. सेरेटस अँटिरियरची नर्व्ह कुठली, लाँग थोरॅसिक, आणि ती गेली तर काय दिसेल, स्कॅप्युला पंखासारखी बाहेर येते. एका कार्डावर एकच गोष्ट विचारायची हे फार महत्त्वाचं आहे, अख्खी ब्रेकियल प्लेक्सस एका कार्डावर कोंबली तर दर वेळी अर्धी येते अर्धी नाही आणि बटण कुठलं दाबायचं तेच कळत नाही. आकृत्यांसाठी इमेज ऑक्लूजन आहे, म्हणजे चित्रावरची नावं झाकायची आणि ओळखायची, स्पॉटरच्या, म्हणजे समोर ठेवलेलं बघून ओळखायच्या परीक्षेच्या, तयारीला मला याच्याइतकं उपयोगी काही सापडलं नाही. पण चित्रं स्वतः कागदावर काढून त्याचा फोटो घ्या नाहीतर अ‍ॅटलासचा घ्या, डिसेक्शन हॉलमध्ये मोबाईल काढायचा नाही. पहिल्या दिवशी आपण त्या टेबलासमोर उभं राहून शपथ घेतलेली असते, कुणाच्या तरी घरच्यांनी आपल्या माणसाचा देह दिलेला असतो, ते विसरून चालणार नाही.

आयत्या डेकच्या, म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यांच्या, मागे मी लागले नाही. अँकिंग वगैरे जे मोठे डेक फिरतात ते अमेरिकेच्या यूएसएमएलई परीक्षेसाठी बनवलेले आहेत, चांगलेच आहेत, पण आपल्याकडे पार्ट कम्प्लीशनला, म्हणजे शरीराचा एकेक भाग संपल्यावरच्या परीक्षेत, सर काय विचारतात त्याच्याशी ते जुळत नाहीत. स्वतः कार्ड बनवताना निम्मं पाठ होतंच.

आणि आता मुख्य मुद्दा. रोजची कार्ड्स मोजून येतात. आज अमुक इतकी, ती संपली की स्क्रीनवर अभिनंदन येतं आणि अ‍ॅप तुमच्याकडून त्या दिवशी आणखी काही मागत नाही. हे वाचायला किरकोळ वाटेल, पण ज्याने फर्स्ट इयर काढलंय त्याला विचारा. दिवसाला शेवट मिळतो हो. त्याच्यानंतर मी पेटी काढायचे, गावच्या महिला भजनात मी पेटी वाजवते, रोज अर्धा तास तरी हात फिरला नाही तर बोटं जड होतात. रूममेट चेष्टा करायच्या की उद्या व्हायवा आणि हिचा भूप चाललाय, पण मला ते वाजवताना कुठेही टोचणी लागायची नाही कारण त्या दिवसाचं काम झालेलं असायचं आणि उद्याचं उद्या यायचंच होतं.

पण हे आपोआप होत नाही, सेटिंग नीट नसेल तर तेच अ‍ॅप मानेवर बसतं, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते. डिफॉल्टला दिवसाला २० नवीन कार्ड्स असतात. ती रोज घेत राहिलात तर रिव्ह्यू, म्हणजे परत येणारी जुनी कार्ड्स, हळूहळू दिवसाला २०० च्या आसपास जातात, असं त्यांच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय. आणि मुलं काय करतात, तीन विषयांचे तीन डेक आणि प्रत्येकात वीस, झालं, महिन्याभरात अ‍ॅप डिलीट. तिन्ही विषय एका मोठ्या डेकच्या खाली ठेवा, लिमिट त्या वरच्या डेकला लावा आणि अभ्यासाला तोच डेक उघडा. दुसरं, एफएसआरएस चालू करा, हा नवीन शेड्युलर २०२३ च्या शेवटी अँकीच्या आतच आला, तो तुमच्या स्वतःच्या विसरण्याच्या सवयीवरून पुढची तारीख ठरवतो. त्यात डिझायर्ड रिटेन्शन म्हणून आकडा असतो, मुळात ०.९०, म्हणजे कार्ड समोर येईल तेव्हा दहातली नऊ आठवावीत. हुशार मुलं तो लगेच ०.९७ करून ठेवतात, असं करू नका, कार्ड्स प्रचंड वाढतात, ती शेवटची थोडीशी टक्केवारी फार महागात पडते. नव्वद पुरे आहे. पास व्हायला पन्नास टक्के लागतात आणि चांगला डॉक्टर व्हायला झोप लागते, असं मला खरंच वाटतं.

तिसरी सेटिंग इझी डेज. आठवड्याच्या एखाद्या वारी कार्ड्स कमी यावीत असं सांगता येतं. मी रविवारी सगळ्यात कमी ठेवलेलं होतं. शनिवारी कॉलेज सुटलं की एसटी, पावस, पूर्णगड, गावखडी, कशेळी, आडिवरं करत घरी. त्या रस्त्याला बऱ्याच ठिकाणी रेंज जाते, पावसाळ्यात तर घरी लाईटच नसते तिथे नेट कुठलं, पण अँकीड्रॉइडला, म्हणजे अँकीच्या अँड्रॉइड अ‍ॅपला, नेट लागतच नाही, सिंक हॉस्टेलवर परत आल्यावर केलं तरी चालतं. राहिलेली कार्ड्स बसमध्येच व्हायची. घराच्या पायरीवर आजी विचारायची "इलंस काय गो, जेवलंस काय", तेव्हा माझ्या डोक्यात दुसरं काही नसायचं आणि मी नीट ऐकून उत्तर द्यायचे. याच्यासाठी मी त्या अ‍ॅपला जीव लावून आहे.

अभ्यास आणि घर असं कधी कधी एकातच येतं तेही सांगते. बायोकेममध्ये फॅटी अ‍ॅसिड सिंथेसिस चाललं होतं, त्यात एटीपी सायट्रेट लायेज नावाचं एन्झाइम, आणि त्याला अडवतं ते हायड्रॉक्सीसायट्रिक अ‍ॅसिड, जे आपल्या कोकमाच्या सालीत असतं. आई सोलकढीसाठी आगळ काढत होती तेव्हा मी तिला हे सांगितलं, तिने दोनदा नाव म्हणायला लावलं आणि मग शेजारच्या काकूला पण सांगितलं. ते कार्ड मला नंतर कधीच चुकलं नाही.

गणपतीचं वेगळं लिहायला हवं, कारण कोकणातल्या मुलांची खरी परीक्षा तीच असते. शिमग्याला पालखी घरी येते तेव्हा एक-दोन दिवसांवर भागतं, पण गणपतीला पाच दिवस घर भरलेलं, मुंबईची सगळी आलेली, आरत्या, भजनं, रात्री जागरण, आणि माझ्या वेळी प्रिलिम अगदी तोंडावर. काही जण घरी जातच नाहीत आणि हॉस्टेलवर बसून रडतात, काही जण जातात आणि अख्खे पाच दिवस बॅगेतल्या पुस्तकाकडे बघत राहतात. याला उपाय असा, की सणाच्या दोन आठवडे आधी नवीन कार्ड्स शून्यावर आणायची. सगळ्यात जास्त रिव्ह्यू नव्या कार्डांचीच येतात, ती थांबली की रोजचा आकडा आपोआप उतरतो. घरी सकाळी आंघोळीआधी पडवीत बसून तेवढी उरकायची आणि मोबाईल ठेवून द्यायचा. मोदकांना हात लावता आला, आरतीला पेटी धरता आली, आणि परत आल्यावर डोंगर साचलेला नव्हता. एखादा दिवस अजिबात झालं नाही तरी बिघडत नाही, साचलेली एका दिवसात संपवायला जाऊ नका, रोजच्या लिमिटमध्ये राहून हळूहळू खाली येतात. फक्त सुट्टी कॉलेजच्या कॅलेंडरमध्ये बसवूनच घ्या, थिअरीला ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते, तिथे कुठलं अ‍ॅप मदतीला येत नाही.

अँकी काय करत नाही तेही स्पष्ट सांगते. समजावून सांगत नाही. कार्डियाक सायकल किंवा नेफ्रॉन आधी लेक्चरला आणि पुस्तकात नीट समजून घ्यावा लागतो, न समजलेल्या गोष्टीचं कार्ड म्हणजे नुसती पोपटपंची आणि अशी कार्ड्स सगळ्यात जास्त चुकतात. युनिव्हर्सिटीच्या पेपरात मोठी उत्तरं लिहायची असतात, आकृत्या काढायच्या असतात, त्याला वही-पेनच लागतं. व्हायवाला तोंडाने बोलावं लागतं, त्यासाठी मैत्रिणीला समोर बसवून हातात हाड घेऊन साइड ओळखण्यापासून सगळं बोलून दाखवा. हिस्टोलॉजीच्या स्लाइडला मायक्रोस्कोपच पाहिजे. आणि फॅमिली अ‍ॅडॉप्शनमध्ये गावातल्या घरी जाऊन माणसांशी बोलायचं असतं ते कार्डावर कसं येणार. तिथे मालवणी बोलता येणं जास्त कामाला आलं.

दिसायला अ‍ॅप अगदी साधं आहे, सुरुवातीचे काही दिवस बटणं आणि सेटिंग समजण्यात जातात, तेवढा धीर धरा. पैशाचं म्हणाल तर कॉम्प्युटरवर फुकट, अँड्रॉइडवर अँकीड्रॉइड फुकट, ते बऱ्याच लोकांनी मिळून हौसेने चालवलेलं आहे. आयफोनवर मात्र अँकीमोबाइल विकत घ्यावं लागतं, अमेरिकेत किंमत २४.९९ डॉलर, त्यातूनच पुढचं काम चालतं. परवडत नसेल तर ब्राउझरमध्ये अँकीवेब उघडा, तिथे फुकट होतं, नेट लागतं एवढंच. आणि डाउनलोड करताना नाव नीट बघा, नावात अँकी असलेली दुसरी अ‍ॅप्स पण आहेत, त्यांचा याच्याशी संबंध नाही.

माझ्याकडून पाचातले साडेचार, अर्धा कापला तो पहिल्यांदा शिकायला जो वेळ जातो त्याच्यासाठी. ज्यांचं कॉलेज आत्ता सुरू होतंय, मग ते अलिबागला असो, रत्नागिरीला असो की ओरोसला, त्यांनी अप्पर लिंबपासूनच, म्हणजे अ‍ॅनाटॉमीतल्या हातापासूनच, सुरू करा, रोज दहाच नवीन कार्ड्स घ्या, आणि ज्या वारी घरी जाता तो वार पहिल्याच आठवड्यात इझी डेजमध्ये टाकून ठेवा.