जुने फोटो, जुने कागद: स्कॅनिंगचा कोणता प्रोग्रॅम घ्यावा?

स्कॅनर विकत घेताना आपण दहा ठिकाणी चौकशी करतो. डीपीआय (एका इंचात किती ठिपके टिपले जातात) किती, काच केवढी, निगेटिव्ह होतात का. मग तो घरी येतो, सोबतचा प्रोग्रॅम आपण कॉम्प्युटरवर टाकतो, ‘स्कॅन’चं मोठं बटण दाबतो आणि जे येईल ते फोल्डरमध्ये साठवत जातो. फोटो कसा उतरणार हे मात्र बरंचसं ठरतं सेटिंगच्या खिडकीत, आणि ती बहुतेक जण उघडतच नाहीत.

मीही उघडली नव्हती. माझ्या आत्याकडे तिच्या आईवडिलांचा एक कृष्णधवल फोटो आहे. दातेरी कडा, उजव्या कोपऱ्यात स्टुडिओचा उठावाचा शिक्का, आजोबांच्या अंगात पांढरा सदरा. अल्बम दोन दिवसांसाठी आणला, सगळं ‘ऑटो’वर ठेवून स्कॅन केलं आणि परत नेऊन दिला. महिन्याभराने फोटो मोठा करून पाहिला तेव्हा लक्षात आलं, की दातेरी कडा गेल्या आहेत, त्यांच्यासोबत शिक्काही गेला आहे आणि सदऱ्याच्या जागी नुसता पांढरा ठिपका उरला आहे. चुण्या नाहीत, गुंड्या नाहीत. पुन्हा गावी जाऊन अल्बम आणावा लागला. तेव्हापासून कुठलाही प्रोग्रॅम हाती आला की मी आधी दोन गोष्टी बघतो: तो आपणहून काय काय करतो, आणि ते बंद करता येतं का. खालची तुलना त्याच नजरेने केली आहे.

तीन पर्याय घेतले आहेत. पहिला, स्कॅनरसोबत फुकट येणारा कंपनीचाच प्रोग्रॅम, म्हणजे एप्सन स्कॅन २ किंवा कॅननचं आयजे स्कॅन युटिलिटी. दुसरा नॅप्स-२, मोफत आणि मुक्त स्रोत, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालणारा. तिसरा व्ह्यूस्कॅन, विकतचा, १९९८ पासून चालत आलेला. सिल्व्हरफास्ट या आणखी एका विकतच्या प्रोग्रॅमचा विषय निगेटिव्हपाशी काढतो.

रंग आणि उजेड

‘ऑटो’ म्हणजे नेमकं काय होतं, ते आधी पाहू. प्रोग्रॅम फोटोतला सर्वांत काळोखा आणि सर्वांत उजळ भाग शोधतो आणि त्या दोघांना टोकाचा काळा आणि टोकाचा पांढरा करून मधलं सगळं ताणतो. त्यामुळे फोटो स्क्रीनवर टवटवीत दिसतो. पण उजळ टोकाजवळ जे बारीक फरक असतात, सदऱ्याच्या चुण्या, गजऱ्यातल्या कळ्या, चुन्याची भिंत, ते एकाच पांढऱ्यात मिसळून जातात. फाइल एकदा साठवली की ते परत आणता येत नाहीत. दुसरी अडचण अशी, की हा हिशेब प्रत्येक फोटोसाठी नव्याने होतो. एकाच रोलमधले एकाच लग्नाचे दोन फोटो दोन वेगळ्या रंगांचे होऊन येतात.

कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये अशा सुधारणा वेगवेगळ्या नावांनी असतात: रंग पूर्ववत करणं, मागून आलेल्या उजेडाची दुरुस्ती, धूळ काढणं. आयजे स्कॅन युटिलिटीतलं ‘ऑटो’ तर काचेवर फोटो आहे की कागद, हेही स्वतःच ठरवतं. घाईच्या कामाला ते सोयीचं. अल्बमसाठी मात्र ‘फोटो’ हा प्रकार हाताने निवडा आणि सुधारणांच्या चौकटींमधल्या खुणा काढून टाका. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायला उजळ केलेली प्रत हवीच असेल तर ती नंतर वेगळी करता येते.

नॅप्स-२ मध्ये उजेड आणि कॉन्ट्रास्ट अशा दोनच पट्ट्या आहेत. दोन्ही मध्यावर राहू दिल्या की स्कॅनरचा ड्रायव्हर (त्याला कॉम्प्युटरशी जोडणारा छोटा प्रोग्रॅम) जे देईल ते मिळतं. प्रोग्रॅम स्वतःहून रंगाला हात लावत नाही, हे मला आवडतं. पण एक चौकट विसरू नका. प्रोफाइलच्या, म्हणजे नाव देऊन साठवलेल्या सेटिंगच्या संचाच्या, प्रगत सेटिंगमध्ये ‘कमाल गुणवत्ता, मोठ्या फाइली’ अशा अर्थाचा पर्याय आहे. त्यावर खूण केली नाही, तर चित्र आधीच जेपेगमध्ये, म्हणजे बारीक तपशील टाकून फाइल लहान करणाऱ्या प्रकारात, आवळलं जातं. मग तुम्ही शेवटी टिफ (तपशील न गमावणारा फाइलचा प्रकार) म्हणून साठवलं तरी गेलेलं ते गेलंच. सातबारा स्कॅन करताना याने काही बिघडत नाही, आजोबांच्या फोटोत बिघडतं.

व्ह्यूस्कॅनमध्ये या एका विषयासाठी अख्खा ‘कलर’ टॅब आहे. पहिल्यांदा पाहिला की छातीच दडपते. पण अल्बमसाठी तिथे मोजकंच करायचं आहे: ‘कलर बॅलन्स’मध्ये ‘नन’ निवडायचं, ब्लॅक पॉइंट आणि व्हाइट पॉइंटच्या टक्क्यांच्या खान्यांत शून्य घालायचं. मग ताणाताण होत नाही. फोटो थोडा मळकट दिसतो, कारण तो खरोखरच थोडा मळकट झालेला आहे. सदऱ्याच्या गुंड्या मात्र मोजता येतात.

याच प्रोग्रॅमची आणखी एक सोय मला इतर सगळ्यांहून मोलाची वाटते. ‘आउटपुट’ टॅबमध्ये रॉ फाइल साठवण्याचा पर्याय आहे. स्कॅनरच्या डोळ्याला जे दिसलं ते जसंच्या तसं त्या फाइलमध्ये राहतं. पुढे कधीही ‘इनपुट’ टॅबमध्ये स्रोत म्हणून स्कॅनरऐवजी ‘फाइल’ निवडली, की तीच रॉ फाइल नव्या सेटिंगने पुन्हा उघडता येते. रंगाचं सेटिंग चुकलं म्हणून अल्बम पुन्हा मागून आणायची वेळ येत नाही. ज्यांना दुसऱ्यांच्या घरचे अल्बम थोड्या दिवसांसाठी मिळतात, त्यांनी केवळ एवढ्यासाठी व्ह्यूस्कॅनचा विचार करावा.

डीपीआयचं सेटिंग

इथे तिघांत फारसा फरक नाही, फरक पडतो तो आकडा निवडण्यात. पोस्टकार्ड साइझचा, म्हणजे ४ बाय ६ इंचांचा फोटो ३०० डीपीआयला घेतला तर १८०० बाय १२०० पिक्सेल मिळतात. ६०० ला ३६०० बाय २४००, म्हणजे सुमारे ८६ लाख पिक्सेल, आणि न आवळलेली २४ बिटची टिफ फाइल साधारण २६ एमबीची. असे ४०० फोटो असले तर साडेदहा जीबी. १२०० डीपीआयला हाच पसारा चौपट होतो आणि कागदावरच्या फोटोत तेवढा तपशील बहुधा नसतोच. मी सरसकट ६०० ठेवतो. ओळखपत्राच्या आकाराचा चिमुकला फोटो मोठा करून भिंतीवर लावायचा असेल तेव्हाच १२०० वर जातो. खोक्यावर छापलेला सर्वांत मोठा आकडा सेटिंगमध्ये निवडणं म्हणजे वेळ आणि डिस्क दोन्ही खर्च करणं.

वर्तमानपत्राची कात्रणं आणि छापील लग्नपत्रिका यांचं गणित वेगळं. छपाईतली चित्रं ठिपक्यांची बनलेली असतात, आणि स्कॅनमध्ये त्यांच्यावर जाळीसारखी नक्षी उमटते. ती घालवायचं सेटिंग एप्सन स्कॅन २ आणि व्ह्यूस्कॅनमध्ये ‘डीस्क्रीन’च्या नावाने आहे, कॅननकडे मोआरे कमी करण्याचा पर्याय आहे, नॅप्स-२ मध्ये नाही. खऱ्या फोटोला ते लावू नका. चेहऱ्यावरचे बारकावे धुऊन निघतात.

कापणं

दातेरी कडांचं दुःख मी सांगितलंच. काचेवर चार फोटो ठेवून एकदम स्कॅन करायचे आणि प्रोग्रॅमने ते वेगळे कापून द्यायचे, ही सोय कंपनीच्या प्रोग्रॅममध्येही असते आणि व्ह्यूस्कॅनमध्येही. कॅननच्या सूचनेप्रमाणे दोन फोटोंमध्ये, तसंच फोटो आणि काचेच्या कडेमध्ये, निदान १ सेंटिमीटर जागा सोडावी लागते. पांढऱ्या किनारीचे जुने फोटो मात्र या सोयीला चकवतात. स्कॅनरच्या झाकणाची आतली बाजू पांढरी, फोटोची किनारही पांढरी, मग कड कुठे संपली ते प्रोग्रॅमला कळणार कसं? फोटोच्या मागे काळा कार्डपेपर ठेवा, निम्मी अडचण तिथेच सुटते. हाच काळा कागद पातळ, पाठपोट लिहिलेल्या पत्रांनाही उपयोगी पडतो, मागची शाई पुढे कमी दिसते. व्ह्यूस्कॅनमध्ये कापण्याची चौकट हाताने आखून ती पुढच्या सगळ्या फोटोंना तशीच ठेवता येते, आणि मी तेच करतो. किनारीबाहेर बोटभर जागा राहिली तरी चालेल, शिक्का राहिला पाहिजे.

कागदपत्रं

इथे नॅप्स-२ पुढे आहे, आणि बराच पुढे. खरेदीखत, वारसनोंद, गुणपत्रिका, औषधपाण्याची फाइल असं काही असेल तर दुसरीकडे पाहायची गरज नाही. प्रत्येक कामाचं एक प्रोफाइल करून ठेवायचं. ‘कागद राखाडी ३००’, ‘पाठपोट फीडर’, ‘रंगीत शिक्का’ अशी नावं द्यायची, पुढच्या वेळी नाव निवडून बटण दाबायचं. आपोआप साठवण्याचं सेटिंगही प्रोफाइलमध्येच आहे. फाइलच्या नावात तारीख आणि चढता क्रमांक आपसूक यावा असं ठरवता येतं. पानं मागेपुढे करणं, वाकडं पान सरळ करणं, दीर्घकाळ जपायच्या पीडीएफ-ए प्रकारात साठवणं, हे सगळं आहे.

ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा शोधता येणारा मजकूर करणं, हा खास मराठी माणसाच्या कामाचा मुद्दा. नॅप्स-२ त्यासाठी टेसरॅक्ट हा अक्षरं ओळखणारा मोफत प्रोग्रॅम वापरतं आणि भाषांच्या यादीत मराठी आहे. ती उतरवून घ्यायची आणि इंग्रजीसोबत लावायची, कारण आपल्या कागदांत दोन्ही सरमिसळ असतात. स्वच्छ छापील मजकूर बरा ओळखला जातो, मग पीडीएफमध्ये गट नंबर किंवा आडनाव टाकून शोधता येतं. हस्ताक्षराची आशा धरू नका, आणि मोडी या यादीत नाही. मोडी कागद असतील तर ओसीआर बंद ठेवा, ते पान ६०० डीपीआयला, रंगीत आणि टिफमध्ये घ्या. पुढे मोडी जाणणारा वाचेल तेव्हा शाईचा फिका-गडदपणा त्याला हवा असतो, आणि काळ्या-पांढऱ्या एक बिटच्या स्कॅनमध्ये नेमका तोच जातो.

आणि कोरी पानं वगळण्याचं सेटिंग. फीडरमधून (पानं एकामागून एक आत ओढणाऱ्या भागातून) पाठपोट शंभर पानं घालताना ते वेळ वाचवतं. पण कोरं म्हणजे काय, हे दोन पट्ट्यांवर ठरतं: पांढरं कशाला म्हणायचं आणि पानाचा किती भाग भरलेला असला तर ते पान धरायचं. जुन्या कागदाच्या पाठीवर पेन्सिलने लिहिलेली एखादी तारीख या चाळणीतून सहज निसटू शकते. घरच्या जुन्या कागदांसाठी ते बंदच ठेवा. चार कोरी पानं नंतर पुसता येतात.

व्ह्यूस्कॅनही अनेक पानांची पीडीएफ करतं आणि ओसीआरही. पण रोजच्या कागदांसाठी त्यात इतके टॅब ओलांडणं कंटाळवाणं होतं. कंपनीचे प्रोग्रॅम या दोघांच्या मध्ये कुठेतरी बसतात. फक्त छोट्या फाइलचा आग्रह त्यांच्यात पुष्कळदा जास्त असतो, तेव्हा फाइल आवळण्याचं सेटिंग एकदा तपासा.

सेटिंग टिकतं का?

चारशे फोटो एका बैठकीत होत नाहीत. रविवार-रविवार करत तीन महिने जातात. तेव्हा आजचं सेटिंग पुढच्या रविवारी तसंच मिळालं पाहिजे. एप्सन स्कॅन २ मध्ये सेटिंगला नाव देऊन साठवता येतं आणि फाइल म्हणून बाहेरही काढता येतं. नॅप्स-२ ची प्रोफाइलं वर आलीच. व्ह्यूस्कॅन सगळं एका छोट्या आयएनआय फाइलमध्ये लिहितं, ‘सेव्ह ऑप्शन्स’ म्हणून तिच्या हव्या तितक्या प्रती करता येतात. मी प्रत्येक अल्बमच्या फोल्डरमध्ये त्या अल्बमची सेटिंगची फाइल ठेवतो. व्ह्यूस्कॅनमध्ये फाइलच्या नावात क्रमांकानंतर अधिकचं चिन्ह टाकलं की पुढचा रिकामा क्रमांक आपोआप घेतला जातो, म्हणजे जुन्या फोटोवर नवा बसण्याची भीती नाही. सुरुवातीला पर्यायांची पातळी ‘बेसिक’वर ठेवा, रंगाच्या आणि रॉ फाइलच्या कामाला लागाल तेव्हा ‘प्रोफेशनल’ करा. बेसिकमध्ये काही खाने दिसतच नाहीत, आणि प्रोग्रॅममध्ये ती सोयच नाही असा गैरसमज होतो.

निगेटिव्ह असतील तर

आधी स्कॅनर बघा. कॅननचे लायडे किंवा एप्सन व्ही ३९ सारखे सपाट, हलके स्कॅनर सहसा फिल्म करत नाहीत. झाकणात दिवा असलेला, व्ही ६०० सारखा लागतो. धूळ-ओरखडे घालवणारं इन्फ्रारेडचं सेटिंग रंगीत निगेटिव्हवर फार छान चालतं, पण जुन्या कृष्णधवल फिल्मवर ते बंद ठेवावं लागतं. त्या फिल्ममधली चांदी इन्फ्रारेड अडवते, आणि प्रोग्रॅम चित्रालाच धूळ समजून पुसायला लागतो. नॅप्स-२ यातलं काही करत नाही. व्ह्यूस्कॅनमध्ये एक्स्पोजर आणि फिल्मचा मूळ नारिंगी रंग दोन्ही कुलूपबंद करता येतात, म्हणून अख्ख्या पट्टीचे रंग एकसारखे येतात. जर्मनीतल्या कील इथल्या लेझरसॉफ्ट इमेजिंगचं सिल्व्हरफास्ट या कामात तोडीस तोड आहे, निगेटिव्हच्या ब्रँडनुसार तयार प्रोफाइलं त्यात मिळतात. पण त्याचा परवाना एका स्कॅनर मॉडेलपुरता असतो. स्कॅनर बदलला की प्रश्न उभा राहतो. व्ह्यूस्कॅनचा परवाना स्कॅनरला बांधलेला नाही. उलट कंपनीने ड्रायव्हर देणं थांबवलेले बरेच जुने स्कॅनर त्यावर चालतात. मित्राकडे किंवा माळ्यावर एखादा पडून असेल तर नवा घेण्याआधी तो व्ह्यूस्कॅनला जोडून बघा.

पैसे देण्याआधी व्ह्यूस्कॅनची चाचणी आवृत्ती उतरवा. स्कॅनवर वॉटरमार्क येतो, पण सेटिंग पारखायला त्याने काही अडत नाही. पांढऱ्या किनारीचा, पांढऱ्या कपड्यातल्या माणसाचा एक फोटो घ्या. कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये सगळ्या सुधारणा बंद करून एकदा आणि व्ह्यूस्कॅनमध्ये वर सांगितलेल्या सेटिंगने एकदा, असा दोनदा ६०० डीपीआयला स्कॅन करा. दोन्ही फाइली शेजारी उघडून सदऱ्यापाशी जा आणि शंभर टक्के मोठं करून पाहा. दोन्हीकडे गुंड्या दिसत असतील तर पैसे खर्च करू नका.