लसूणघासाच्या बियाण्यातून अमरवेल आली. मेंढरंवाल्यांनो, बी घेण्याआधी हे वाचा

निपाणी-चिकोडीकडं ज्यांच्या दारात मेंढरं आहेत आणि यंदा थंडीत लसूणघास पेरायचा विचार आहे, त्यांच्यासाठी लिहितोय.

माळावरची कुसळी दिवाळीनंतर वाळते. नुसत्या वाळल्या गवतावर व्यालेली मेंढी दुधाला उतरत नाही, कोकरं ढुसण्या देऊन थकतात. लसूणघासाच्या सुक्या वजनात साधारण पाचवा हिस्सा प्रथिनं असतात. आधी कोरडं गवत, मग थोडी सुकवलेली लसूणघास असं दिलं तर पोटही फुगत नाही. म्हणून बोअरच्या पाण्याखालचा एक तुकडा तिच्यासाठी राखला.

बी हद्दीपलीकडं, महाराष्ट्रातल्या एका दुकानातून आणलं. “राहुरी कृषी विद्यापीठाचं आरएल ८८ वाण आहे, एकदा पेरा आणि तीन वर्षं कापा,” असं दुकानदार छातीठोकपणे म्हणाला. पिशवीला निळी चिठ्ठी नाही म्हटल्यावर हिरवी दाखवली. प्रमाणित बियाण्याला निळी आणि सत्यप्रत, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या हमीवरच्या बियाण्याला हिरवी असते, तेव्हा त्यात वावगं काही नव्हतं. पक्की पावती घेतली.

उगवण झाली. पहिल्या कापणीआधी वाफ्याच्या कडेला पिवळे-केशरी दोरे दिसले. पान नाही, जमिनीत मूळ नाही. ओढला की तुटतो आणि देठावर राहिलेला तुकडा परत वाढतो. आधी हातभर जागेत होते, पुढच्या पाण्यापर्यंत घोंगडं अंथरावं एवढ्या जागेत पसरले. आतली लसूणघास पिवळी पडून बसली. पिकाचा रस शोषून जगणारी अमरवेलच ती.

जाब विचारायला गेलो तर म्हणे, “तुमच्या लेंडीखतातून आली असेल.” हे बोलणं ऐकणाऱ्याला पटतं, कारण अमरवेलीचं बी जनावराच्या पोटातून जिवंत बाहेर पडतं. पण पिशवीत मूठभर बी उरलं होतं. ते पांढऱ्या कागदावर पसरलं. लसूणघासाचं बी पिवळसर, गुळगुळीत, एका बाजूला खोलगट. त्यात बारीक, गोलसर, करडे, खरबरीत दाणे उघड दिसत होते. बरंचसं लसूणघासाचं बीही लालसर पडलेलं, म्हणजे जुनं. हे त्याच्यासमोर ठेवल्यावर उत्तर बदललं: “तुम्ही कर्नाटकातले, तिकडं तक्रार करा.” इकडच्या कार्यालयात गेलो तर दुकान आपल्या राज्यात नाही म्हणाले. सीमाभागातल्या माणसाला हे नवं नाही, आणि असले विक्रेते याच भरवशावर माल खपवतात. याची मला फार चीड येते.

पण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. दुकान कागलला असो की गडहिंग्लजला, बेळगावात दाद मागता येते. बियाण्याच्या बाबतीत शेतकरी ग्राहक आयोगाकडं जाऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्येच सांगितलंय. पावती, पिशवी, चिठ्ठी आणि उरलेलं बी यातलं काहीही टाकू नका.

आणि ज्यांच्या रानात ती आलीच आहे, त्यांनी फुलावर यायच्या आत आजूबाजूच्या घासासकट जमिनीलगत कापून तिथंच जाळा. बी धरलेली वेल मेंढरांना अजिबात घालू नका, लेंडीतून सगळ्या शिवारात जाईल. तिचं बी मातीत कित्येक वर्षं जिवंत राहतं, म्हणून त्या तुकड्यात पुढं ज्वारी, मका किंवा गवतच घ्या. त्यांच्यावर ती सहसा जगत नाही. मी तिथं चाऱ्याची ज्वारी टाकलीय.