कारखान्याची डिजिटल तयारी मोजणारा ‘सिरी’: काही महिन्यांच्या वापरानंतर

गोव्यातल्या कुंडई औद्योगिक वसाहतीत आमचा औषधांच्या बाटल्यांची झाकणं बनवणारा कारखाना आहे. ग्राहक बहुतेक वेर्ण्याच्या औषध कंपन्या. ऑडिटला आले की बॅचची नोंद संगणकावर दाखवा म्हणतात. म्हणून मशीनला सेन्सर आणि मोठ्या डॅशबोर्डची, म्हणजे सगळे आकडे एकत्र दाखवणाऱ्या पडद्याची, कोटेशनं आली होती. खर्चाआधी आपण कुठे आहोत ते पाहू म्हणून ‘स्मार्ट इंडस्ट्री रेडिनेस इंडेक्स’, म्हणजे सिरी, हाती घेतला. पावसाळ्याच्या तोंडावर सुरुवात केली, आता चतुर्थीही होऊन गेली.

सिंगापूरच्या आर्थिक विकास मंडळाने २०१७ मध्ये ही चौकट आणली. प्रक्रिया, तंत्रज्ञान आणि संघटन असे तीन भाग, खाली ८ खांब, त्याखाली १६ मुद्दे. प्रत्येकाला ० ते ५ पातळी. वाचायला सोपं वाटतं. खरं काम सुरू होतं ते पातळी ठरवताना. एकाच मुद्द्याला ऑफिसने ३ दिले, शिफ्ट सुपरवायझरने १. मग पुरावा काढायचा ठरला, आणि कळलं की स्टोअर, प्रॉडक्शन आणि क्वालिटी एकाच बॅचची नोंद आपापल्या एक्सेलमध्ये वेगळी ठेवतात. नवी इंजेक्शन मोल्डिंग (वितळलेलं प्लास्टिक साच्यात भरणारी) मशीनं असूनही माहिती माणसाच्या हातूनच पुढे जात होती. हे भांडण घडवून आणणं हीच मला या चौकटीची सर्वांत मोठी ताकद वाटते.

दुसरी आवडलेली गोष्ट: ऑटोमेशन, कनेक्टिव्हिटी आणि इंटेलिजन्स हे तिन्ही शॉप फ्लोअर, ऑफिस आणि इमारतीच्या सुविधांसाठी वेगवेगळे विचारले जातात. सुविधा म्हणजे चिलर (पाणी थंड करणारं यंत्र), कॉम्प्रेसर, वीज. त्यांच्याकडे कोण बघतं? पावसात वीज झटका देऊन गेली की आमचं खरं नुकसान तिथेच होतं. तिथे आमची पातळी ० आली.

अकाटेक या जर्मनीच्या विज्ञान-अभियांत्रिकी अकादमीची, कारखान्याच्या डिजिटल प्रगतीची सहा पायऱ्यांची मांडणीही सोबत वाचली. तिच्यात आधी संगणकीकरण, मग यंत्रणांची एकमेकांशी जोडणी आणि तिसऱ्या पायरीवर ‘दिसणं’, म्हणजे आत्ता काय चाललंय ते आकड्यांत दिसणं, येतं. डॅशबोर्ड त्या तिसऱ्या पायरीचा. आमची दुसरीच अर्धवट होती, म्हणून ते कोटेशन बाजूला ठेवलं आणि आधी एकच बॅच नंबर तिन्ही विभागांत चालवला. झाकणांची एखादी तक्रार आली की मूळ शोधायला लागणारा वेळ खूप कमी झालाय.

उणिवाही सांगतो. प्राधान्य ठरवण्याच्या तक्त्यात उद्योगातल्या आघाडीच्या कंपन्यांशी तुलना येते. आमच्यासारख्या छोट्या पुरवठादाराला ती फार दूरची वाटते. आम्ही वापरलेलं सगळं साहित्य इंग्रजीत होतं. पातळ्या मराठीत फळ्यावर लिहिल्या तेव्हाच ऑपरेटर कोंकणीतून मोकळेपणी बोलू लागले. अधिकृत मूल्यमापकाकडून तपासणी करायची तर पैसे लागतात, पण पुस्तिका वाचून आपली आपण चाचणी करता येते. छोट्या कारखान्याने आधी तेच करावं, आणि त्या बैठकीत मेंटेनन्सवाल्यांना पहिल्या दिवसापासून बसवावं. आम्ही चिलरला वीजमीटर लावलाय; मार्चच्या बजेटआधी पुन्हा मोजणार आहोत.