‘नवा कॉम्प्रेसर, ओरिजिनल गॅस’ : माझ्या जुन्या मियाटाच्या एसीत प्रत्यक्षात काय निघालं

गॅरेजने मला 1,740 डॉलरचं बिल दिलं. त्यातल्या सगळ्यात मोठ्या दोन नोंदी खोट्या होत्या. ‘नवा कॉम्प्रेसर’ (एसीतला गॅस दाबून फिरवणारा पंप) असं लिहिलं होतं, तो बदललाच नव्हता. ‘आर-12 गॅस, दोन पौंड’ (एसीत गारवा आणणारा गॅस) असं लिहिलं होतं, आणि गाडीत भरला होता स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचा, पेट घेणारा वायू. पहिली फसवणूक पैशाची होती, दुसरी जिवाशी खेळणारी. म्हणून हे सविस्तर लिहितेय. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातले आपले बरेच लोक हल्ली हौसेने जुन्या स्पोर्ट्‌स कार घेतात, आणि एसी हे त्या गाड्यांचं हमखास दुखणं असतं.

माझी गाडी 1992 ची माझदा मियाटा. दोन सीट, उघडणारं छत, बटण दाबलं की वर येणारे दिवे. हे मॉडेल 1989 मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये पहिल्यांदा दिसलं आणि तेव्हापासून हलक्या, साध्या स्पोर्ट्‌स कारची आवड असलेल्यांनी ते डोक्यावर घेतलं. बे एरियातल्या फ्रीमाँटला खाडीचं वारं असतं, तिथे एसी बरा चालला काय न चालला काय, फारसं कळत नाही. पण 580 हायवेने डब्लिन ओलांडून लिव्हरमोर, ट्रेसीकडे निघालं की जुलै-ऑगस्टमध्ये पारा 38-40 अंशांवर जातो आणि खरी परीक्षा तिथे होते. एसीची हवा येते त्या मधल्या झरोक्यात थर्मामीटर खोचून पाहिलं तर हवा 18 अंशांची येत होती. धड चालणाऱ्या एसीची ती सात-आठ अंशांच्या आसपास यायला हवी.

आता त्या गॅसबद्दल थोडं सांगते, कारण फसवणुकीची सगळी गोम तिथेच आहे. 1994 च्या आधीच्या बहुतेक गाड्यांमध्ये आर-12 हा गॅस असायचा. ओझोनच्या थराला तो घातक म्हणून 1987 च्या माँट्रियल कराराने त्याच्यावर गदा आणली आणि अमेरिकेत त्याचं उत्पादन 1995 च्या अखेरीस थांबलं. गाड्यांमध्ये त्याची जागा आर-134ए ने घेतली. आर-12 वापरायला आजही बंदी नाही, पण मिळतो तो जुन्या साठ्यातला, म्हणून महाग. तो विकत घ्यायला आणि भरायला मेकॅनिककडे ‘सेक्शन 609’ चं, म्हणजे गाडीच्या एसीचा गॅस हाताळण्याचं, प्रमाणपत्र लागतं. थोडक्यात, दुर्मीळ, महाग आणि डोळ्यांना न दिसणारी वस्तू. ती खरंच भरली की नाही हे ग्राहकाला नुसतं पाहून कधीच कळत नाही.

त्या गॅरेजच्या मालकाने बोलायला सुरुवात केली तीच गाडीच्या कौतुकाने. “इतकी ओरिजिनल गाडी हल्ली बघायला मिळत नाही. हिच्यात आर-134ए घालून हिची वाट लावू नका. ओरिजिनल गॅस घातला तर गाडीची किंमत टिकेल. माझ्याकडे थोडा शिल्लक आहे.” जुन्या गाडीवर जीव असलेल्या माणसाला हे ऐकायला किती बरं वाटतं, हे त्याला पुरेपूर ठाऊक होतं. जुन्या गाड्यांच्या मालकांना हेरण्याची हीच रीत असल्याचं मला नंतर दोघा-तिघांकडून कळलं. नव्या गाडीवाला बिलावरून घासाघीस करतो. हौशी माणूस ‘ओरिजिनल’ या शब्दासाठी खिसा मोकळा करतो.

मग त्याने प्रेशर मोजायचं गेज लावलं. इंजिन बंद असताना. काटा दाखवून म्हणाला, “बघा, प्रेशर कमी आहे, कॉम्प्रेसर गेलाय.” हे वाक्य कोणी तुमच्यासमोर बोललं तर तिथेच थांबा. इंजिन बंद असताना दाखवलेलं प्रेशर हे बाहेरच्या तापमानावर ठरतं. आत थोडासा जरी द्रवरूप गॅस शिल्लक असला तरी आकडा तोच येतो, अर्धा गॅस असो की पूर्ण. आणि कॉम्प्रेसर चालूच नसेल तर तो चांगला की वाईट हे त्या काट्यावरून कोणीही सांगू शकत नाही. खरी तपासणी इंजिन आणि एसी चालू ठेवून, कॉम्प्रेसरच्या दोन्ही बाजूंची प्रेशर एकदम बघून, बाहेरच्या तापमानाशी ताडून करायची असते. ही शंका मी तेव्हाच बोलून दाखवली. त्यावर त्याने “वीस वर्षं हेच करतोय” एवढंच उत्तर दिलं. म्हणून मी वर्क ऑर्डरवर (काम सोपवतानाच्या कागदावर) स्वतःच्या हाताने लिहिलं : जुना कॉम्प्रेसर मला परत हवा.

गाडी घ्यायला गेले तेव्हा झरोक्यात सहा अंश दिसले. छान गार हवा. जुना कॉम्प्रेसर मागितला तर म्हणे, तो एक्स्चेंजमध्ये, म्हणजे नव्याच्या बदल्यात, सप्लायरला परत गेला. कॅलिफोर्नियाचा कायदा इथे स्पष्ट आहे. काम देताना मागितलेले जुने भाग ग्राहकाला द्यावे लागतात, आणि एक्स्चेंजमध्ये परत जाणारा भाग असेल तर तो निदान पाहू तरी द्यावा लागतो. मी हे म्हटल्यावर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. बिल, वर्क ऑर्डर, सगळं मी जपून ठेवलं.

हवा काही आठवड्यांतच पुन्हा कोमट झाली. परत गेले तर नवं निदान तयार होतं : “आता इव्हॅपोरेटर लीक आहे. सगळा डॅशबोर्ड उतरवावा लागेल. 1,900 डॉलर.” इथे त्याचं बिंग फुटलं. या मियाटाचा इव्हॅपोरेटर, म्हणजे आतली हवा गार करणारी जाळी, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे एका पेटीत बसवलेला असतो आणि डॅशबोर्ड न उतरवता ती पेटी बाहेर काढता येते. ज्याने ही गाडी कधी उघडली आहे त्याला हे माहीत असतं. मी गाडी तिथून काढली आणि एसीचंच काम करणाऱ्या एका वयस्क मेकॅनिककडे नेली.

त्यांनी बॉनेट उघडलं, पण त्यांचं मशीन गाडीला जोडलं नाही. आधी एक हातात मावणारं उपकरण काढलं, बारीक नळीने गॅसचा नमुना घेतला. याला रेफ्रिजरंट आयडेंटिफायर म्हणतात. आत कुठला गॅस किती टक्के आहे ते ते सांगतं : आर-12, आर-134ए, आर-22, हवा आणि एचसी, म्हणजे हायड्रोकार्बन. आर-12 च्या पुढे जवळजवळ शून्य होतं. एचसीच्या पुढे मोठा आकडा. त्यांनी काही न बोलता गाडी शेडमधून बाहेर ढकलायला लावली, दारं आणि छत उघडं ठेवलं, आणि मगच मला समजावून सांगितलं.

प्रोपेन आणि ब्युटेनच्या जातीचं योग्य मिश्रण केलं तर ते आर-12 च्या आसपासच्याच प्रेशरला चालतं आणि गारवाही उत्तम देतं. म्हणूनच पहिल्या दिवशी सहा अंश आले. फसवणूक पहिल्या दिवशी कधीच उघडी पडत नाही, कारण माल स्वस्त असला तरी काम करतो. पण तो पेटतो. इव्हॅपोरेटर प्रवाशाच्या गुडघ्यांसमोर असतो आणि मियाटाची केबिन लहानशी. तिथे गळती झाली आणि एक ठिणगी पडली तर काय होईल, हे सांगायला नको. कंडेन्सर, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, गाडीच्या नाकाशी असतो, समोरून साधी धडक बसली तरी आधी तोच फुटतो. याच कारणाने आर-12 च्या जागी गाडीत हायड्रोकार्बन भरायला अमेरिकेत बंदी आहे.

भेसळीचा गॅस किती टोकाला जाऊ शकतो याचं उदाहरण 2011 मध्ये जहाजावरच्या शीतकंटेनरांनी दाखवलं. आर-134ए म्हणून विकलेल्या गॅसमध्ये मिथाइल क्लोराइड निघालं, त्याची अॅल्युमिनियमशी प्रक्रिया होऊन हवेचा स्पर्श होताच पेट घेणारं रसायन तयार झालं, आणि व्हिएतनाम व ब्राझीलमध्ये ते कंटेनर दुरुस्त करणारे कामगार स्फोटांत मेले. त्या कामगारांचा यात काय दोष होता? आधीच्या माणसाने आत काय भरून ठेवलंय हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. माझ्या गाडीवर काम करणाऱ्या या मेकॅनिकने आयडेंटिफायर न लावता मशीन जोडलं असतं तर त्यांचा सगळा साठा नासला असता, कदाचित त्याहून वाईट काही घडलं असतं. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो.

कॉम्प्रेसरचा छडा लागायला वेळ लागला नाही. गाडी विकत घेण्याआधी मी तपासणी करून घेतली होती आणि त्या अहवालात कॉम्प्रेसरवरच्या पट्टीचा फोटो होता. सिरियल नंबर तोच. पुढच्या बाजूला ताजा काळा रंग फासला होता, पण बोल्टच्या खाचांत वर्षानुवर्षांचं तेल आणि धूळ तशीच घट्ट बसलेली होती. त्या बोल्टना कोणी पाना लावलाच नव्हता. आणि गंमत नव्हे, दुःखाची गोष्ट अशी की कॉम्प्रेसर ठणठणीत होता. तो बदलायची गरजच नव्हती.

मग बिघाड कुठे होता? तीन ठिकाणी, आणि तिन्ही स्वस्तातले. पाइपांच्या सांध्यांमधल्या जुन्या ओ-रिंग (रबरी कड्या) वाळून कडक झाल्या होत्या, नायट्रोजन भरून साबणाचं पाणी लावल्यावर बुडबुडे दिसले. कंडेन्सर गार करणारा एसीचा पंखा गंजलेल्या कनेक्टरमुळे फिरतच नव्हता, त्यामुळे सिग्नलला थांबलं की गारवा आणखी उतरायचा. आणि तिसरं कारण तर गॅसशी संबंधितच नव्हतं. या गाडीत हीटरमधून गरम पाणी कायम फिरत असतं. गार हवा हवी की गरम, हे आतली एक झडप ठरवते आणि ती झडप डॅशबोर्डवरच्या दांड्याला एका केबलने जोडलेली असते. ती केबल तिच्या क्लिपमधून सरकली होती. दांडा पूर्ण गारवर असतानाही झडप पुरती मिटत नव्हती आणि गार हवेत गरम हवा मिसळत होती. केबल ओढून पुन्हा क्लिपमध्ये बसवली, खर्च शून्य. जुन्या गाडीचा एसी मंद झाला की गॅसच्या टाकीला हात लावण्याआधी हे पाहायला हवं. जो आधी टाकी उचलतो, तो तुम्हाला गॅस विकतोय, दुरुस्ती करत नाहीये.

आतला भेसळ गॅस हवेत सोडून न देता त्यांनी वेगळ्या टाकीत काढून घेतला आणि नष्ट करायला पाठवला. त्याचेही पैसे पडले. मग नव्या ओ-रिंग, नवा ड्रायर (आतली ओल शोषणारा भाग), पाऊण तास व्हॅक्यूम (पंपाने आतली हवा खेचून काढणं), आणि व्हॅक्यूम टिकतोय का हे बघायला पुन्हा थांबणं. शेवटी आम्ही आर-134ए वरच आलो : त्याला चालणारं एस्टर तेल, त्याच्या मापाचे जोड, आणि बॉनेटखाली आता कुठला गॅस आहे ते सांगणारं लेबल. आर-134ए आर-12 पेक्षा वजनाने थोडा कमी भरावा लागतो, साधारण 80 ते 90 टक्के. जास्त भरला तर प्रेशर चढतं आणि गारवा उलट कमी होतो. त्यांनी काट्यावर वजन करून भरला आणि ते वजन बिलावर लिहिलं. त्यावरून आठवलं, आधीच्या बिलावरचे ‘दोन पौंड’ हे माझ्या गाडीच्या लेबलवरच्या वजनापेक्षा जास्त होते. ते बिल लिहिणाऱ्याने लेबल वाचलंसुद्धा नव्हतं.

पुण्यात मावसभावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, “ताई, इथे तर ‘गॅस कमी झालाय, भरून देतो’ हे दर उन्हाळ्याचंच आहे.” त्यालाही मी तेच सांगितलं. एसीचा गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुन्हा गेलेला असेल. जुना गॅस काढला तेव्हा त्याचं वजन किती भरलं आणि नवा किती घातला, हे दोन आकडे बिलावर मागा. टाकी समोर आणायला सांगा. आर-12 च्या टाक्या पांढऱ्या आणि आर-134ए च्या फिक्या निळ्या असायच्या, पण रंगावर विसंबू नका, कारण रंग कोणीही फासू शकतं, आणि आता नव्या टाक्या सरसकट एकाच रंगाच्या येतात. जुन्या आर-12 च्या गाडीला तर आयडेंटिफायर लावल्याशिवाय कोणालाही हात लावू देऊ नका. ज्याच्याकडे तो नाही, त्याच्याकडे हे काम नको.

कॅलिफोर्नियात असाल तर ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरकडे, म्हणजे गॅरेजवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या खात्याकडे, तक्रार करता येते, फुकट, घरबसल्या. 1971 च्या कायद्याने गॅरेजवर लेखी एस्टिमेट देणं बंधनकारक आहे, आणि बिलावर भाग नवा, वापरलेला की रिकंडिशन्ड हे लिहिणंही. मी तक्रारीसोबत दोन्ही बिलं, माझ्या हस्ताक्षरातली वर्क ऑर्डर, सिरियल नंबरचे दोन फोटो आणि आयडेंटिफायरचा छापील अहवाल जोडला. ब्युरोच्या माणसाने गॅरेजला फोन केल्यावर कॉम्प्रेसरचे पैसे परत आले, मजुरीसकट. गॅसबद्दल मात्र मालक अजून म्हणतोय की त्याला सप्लायरकडून तोच मिळाला. ब्युरोकडचं ते प्रकरण चालू आहे, आणि गॅसचे व तो नष्ट करण्याचे पैसे वसूल करायला मी स्मॉल क्लेम्स कोर्टात (छोट्या रकमांच्या दाव्यांच्या कोर्टात) अर्ज भरलाय. तिथे वकील उभा करता येत नाही, आपणच बोलायचं असतं. त्या मेकॅनिकनी साक्षीला यायचं कबूल केलं आहे.