फिट्झरोव्हिया चॅपल, लंडन: बाहेरून वीट, आत सोनं

चाळीस वर्षं फरशीच्या धंद्यात काढली. कुठल्याही इमारतीत शिरलो की माझी नजर आधी फरशीवर जाते, मग स्कर्टिंगवर, देवाचा नंबर सगळ्यात शेवटी. म्हणून लंडनमध्ये लेक म्हणाली, "बाबा, म्युझियमं पुरे. तुम्हाला दगड दाखवते."

गूज स्ट्रीट स्टेशनपासून रमतगमत गेलो. काचेच्या उंच इमारतींच्या मधोमध पिअरसन स्क्वेअर नावाची लहानशी बाग आहे, तिथे हे चॅपल, म्हणजे छोटं ख्रिस्ती प्रार्थनाघर. लाल विटांचं, बुटकं. बघताक्षणी मी म्हणालो, "हे? हे तर बॉयलर हाऊस वाटतंय." त्या दिवशी ते बंद होतं. चूक आमचीच, साइट न बघता गेलो होतो. ते रोज उघडं नसतं आणि लग्नाकार्यांसाठीही देतात, तेव्हा तारीख बघूनच निघा. आम्ही दुसऱ्यांदा बुधवारी गेलो. तिकीट नाही.

दार ओलांडलं आणि बॉयलर हाऊसचा शब्द मागे घेतला. छत सगळं सोनेरी मोझेकचं, त्यात तारे. (आपल्याकडे मोझेक म्हणजे चिप्सची घासलेली फरशी. हे ते नव्हे. इथे नखाएवढे तुकडे एकेक करून बसवलेत.) भिंतींना संगमरवर, हिरवा, तांबूस, पांढरा, शिरांचा. किती जाती आहेत ते मोजायला लागलो आणि पंधराच्या पुढे नाद सोडला. हात लावू नये हे कळतं, तरी एका कोपऱ्यात दोन रंगांच्या सांध्यावरून हळूच नख फिरवलं. नख अडकलं नाही. हल्ली सांधा चुकला की ग्राउट भरून झाकतात. इथे झाकायला फटच नाही.

हे काम जॉन लफबरो पिअरसन या आर्किटेक्टचं. ट्रूरोचं कॅथीड्रल उभारणारा हाच. १८९१ मध्ये सुरुवात झाली, १८९७ ला तो वारला, मग मुलाने, फ्रँकने, हाती घेतलं आणि आतलं काम संपायला १९२९ उजाडलं. अडतीस वर्षं! माझं एक गिऱ्हाईक बाथरूमला अडतीस दिवस लागले म्हणून बोलायचं थांबलं होतं.

पण हे चॅपल बागेसाठी बांधलेलंच नाही. ते होतं मिडलसेक्स हॉस्पिटलच्या पोटात. हॉस्पिटल १७४५ चं. जुनी इमारत धोकादायक झाली म्हणून १९२८ ते १९३५ या काळात ती पाडून त्याच जागी नवी बांधली, चॅपलला धक्का न लावता. २००५ मध्ये हॉस्पिटल बंद झालं आणि २००८ ला ती नवी इमारतही पाडली. तेवढ्यात जगभर मंदी आली, बांधकाम रखडलं आणि रिकाम्या प्लॉटवर हे विटांचं खोकं एकटं उभं राहिलं. दुरुस्ती झाली ती २०१३ ते २०१५ मध्ये. बाग त्यानंतरची. म्हणजे हॉस्पिटल दोनदा पाडलं, आणि त्याच्या आतली खोली तेवढी शिल्लक आहे.

एक गोष्ट मुंबईकरांसाठी. 'जंगल बुक'चे लेखक रुडयार्ड किपलिंग जानेवारी १९३६ मध्ये याच हॉस्पिटलात वारले आणि त्यांचा देह या चॅपलमध्ये ठेवला होता. जन्म १८६५ चा, आपल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारातला. वडील तिथे शिकवायचे; क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची दगडी शिल्पं त्यांचीच. त्या मार्केटात मी शेकडो वेळा गेलोय, मान वर करून एकदाही बघितलं नव्हतं.

बाप्तिस्म्याचं पात्र एकाच हिरव्या दगडातून कोरलंय. त्यावर ग्रीक ओळ आहे, उलटी वाचली तरी तीच. अर्थ असा की नुसतं तोंड नको, पापंही धू. आमची सौ. लगेच म्हणाली, "म्हणजे त्यांची 'चिमा काय कामाची'!" शेजारचे गोरे आजोबा दचकले, इतकी मोठ्याने हसलो आम्ही.

सौ. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं सिस्टर होती. दगड तिला माझ्यामुळे नकोसे झालेत. ती भिंतींवरच्या पाट्या वाचत फिरत होती. इथे काम केलेल्यांच्या नावांच्या आहेत त्या. मिडलसेक्समध्येच एप्रिल १९८७ ला ब्रिटनमधला एड्सच्या पेशंटांसाठीचा पहिला खास वॉर्ड सुरू झाला. राजकन्या डायना उद्घाटनाला आली आणि हातमोजे न घालता तिने एका पेशंटशी हात मिळवला. लेकीने हे सांगितल्यावर सौ. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आमच्याकडे त्या पेशंटचं ताट कोणी उचलायचं नाही. मी उचलायचे, आणि घरी आल्यावर दोनदा अंघोळ करायचे. तुम्हाला सांगितलं नव्हतं." खरंच सांगितलं नव्हतं.

तक्रार म्हणाल तर एकच: काचेच्या इमारती इतक्या अंगावर आल्यात की बाहेरून फोटो घ्यायला मागे सरकायला जागा नाही. आणि आत वीस मिनिटांत सगळं बघून होतं असं लेक म्हणते. आम्हाला दीड तास लागला. पाचपैकी पाच देतो, आणि मी सहसा चारच्या वर जात नाही.

निघताना लेकीने विचारलं, "आई, कॉफी घ्यायची का?"

सौ. म्हणाली, "घेऊ. पण पुढच्या बुधवारी परत यायचं. माझ्या पाट्या अर्ध्याच वाचून झाल्यात."