प्रकल्प, प्रात्यक्षिक की संकल्पना चित्र? विज्ञानाच्या मूल्यमापनाला शाळेने काय निवडावं

सहावी ते आठवीच्या विज्ञानात लेखी चाचणीशिवाय काहीतरी सुरू करायचंय पण नक्की काय, हे ठरत नसेल तर माझं मत आधीच सांगते, प्रात्यक्षिकापासून सुरू करा. यासाठी नवीन परवानगी वगैरे लागत नाही, 2010 च्या शासन निर्णयात सातवी-आठवीला आकारिक म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाचा भारांश 40 टक्के ठेवला होता आणि साधनांमध्ये प्रात्यक्षिक, प्रकल्प, तोंडी काम सगळं होतंच, पण बऱ्याच शाळांत शेवटी चाचणीच होते आणि बाकीच्या नोंदी सत्र संपताना एका बैठकीत भरल्या जातात.

प्रकल्प दिसायला छान, पालकही खूश. पण घरी केलेला प्रकल्प म्हणजे आईबाबांचं नाहीतर स्टेशनरीवाल्याचं मूल्यमापन, आणि ज्याच्या घरी पैसे नाहीत ते पोर मागे पडतं, हे मला अजिबात पटत नाही. वर्गातच करून घेणार असाल तरच घ्या.

प्रात्यक्षिकात मूल समोर दिसतं. साधा लंबक घ्या, दोरी 1 मीटर, 20 आंदोलनं मोजायची (गोळा एकदा जाऊन परत आला की एक आंदोलन), साधारण 40 सेकंद यायला हवेत. काही मुलं गोळा सोडतानाच 'एक' म्हणतात, मग 'वीस' म्हणेपर्यंत खरी आंदोलनं होतात 19 आणि वेळ येते 38 सेकंद. लेखी पेपरात हे कधीच कळणार नाही. आता 38 आल्यावर मूल परत मोजतं की शेजारच्या गटाचं 40 बघून लिहितं, खरे गुण तिथे आहेत. साठचा पट असेल तर रोज बाराच मुलांकडे बघा, बाकीचे वहीत काम करतील, पाच तासात वर्ग होतो. निकष चारच ठेवा: मोजमाप, नोंद, पडताळणी, स्वतःच्या शब्दात अनुमान.

संकल्पना चित्र, म्हणजे संकल्पना लिहून त्या बाणांनी जोडायच्या आणि बाणावर संबंध लिहायचा, हे सगळ्यात स्वस्त, कागद-पेन्सिल बास. 'वनस्पती' पासून 'माती' कडे बाण काढून वर 'अन्न घेते' लिहिलं की गैरसमज लगेच सापडतो. फक्त ज्यांची घरची भाषा पावरी किंवा गोंडी आहे त्यांना लिहिण्यापेक्षा तोंडी विचारा, नाहीतर विज्ञान सोडून मराठीचेच गुण कापले जातात.

मुख्याध्यापकांनी एवढं करावं, जोड तास (सलग दोन तास) द्यावा, आणि पहिल्या महिन्यात दोन शिक्षकांनी त्याच पाच मुलांना एकमेकांचं न बघता गुण देऊन मग शेजारी बसून फरक का पडला ते बोलावं.