पेलेटवर चालणारी गॅसिफायर शेगडी: धूर होतो म्हणणाऱ्यांनी हे वाचा

ह्या शेगडीला "धूर होतो, पैसे वाया गेले" असे रिव्ह्यू बरेच दिसले म्हणून मुद्दाम लिहितोय, माझ्याकडे रोजच्या वापरात आहे आणि धूर जवळपास नाहीच. बहुतेक लोक साध्या चुलीसारखी खालून पेटवत असणार. हिला वरून पेटवायचं! पेलेट (भुसा दाबून केलेल्या छोट्या कांड्या) भरायचे, वरच्या थरावर बारीक काड्या ठेवून पेटवायच्या, जाळ धरला की शेगडीतला बॅटरीवरचा पंखा हळूहळू वाढवायचा. मग आग वरून खाली सरकत जाते, खालून येणाऱ्या थोड्याशा हवेत पेलेट तापून त्यातला गॅस सुटतो (कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन, थोडा मिथेन वगैरे) आणि वर कडेच्या भोकांतून दुसरी हवा मिळाली की तो तिथे पेट घेतो. प्रत्येक भोकापाशी वेगळी ज्योत दिसते, बघायला भारी वाटतं खरंच. सुक्या लाकडाचा ७० ते ८० टक्के भाग असा वायुरूपात निघून जातो, म्हणजे चुलीत जो धूर होऊन डोळ्यांत जातो तोच इथे भांड्याखाली जळतो.

आता त्रास. मध्येच पेलेट टाकता येत नाहीत, टाकले की ज्योत दबते आणि मग धूरच धूर, त्यामुळे किती वेळ लागणार त्याच्या अंदाजाने आधीच भरायचे. पेलेट कोरडेच हवेत, ओलावा १० टक्क्यांच्या आसपास, पोतं उघडं राहिलं तर ते फुगतात, भुसा होतो आणि हवेची वाटच बंद. भाताच्या तुसाचे घेऊ नका, त्यात राख २० टक्क्यांच्या घरात असते, चांगल्या लाकडी पेलेटमध्ये जेमतेम १ टक्का. बॅटरी मात्र सुमार आहे, पंखा मध्येच बंद पडला की सगळं बिघडतं, एक स्टार त्याचाच कापलाय.

शेवटी ज्योत बसून लाल निखारे उरतात. ते घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात विझवले की छान कोळसा मिळतो, मातीत घालायला उत्तम. पण निखारे धगधगत असताना शेगडी बंद खोलीत अजिबात ठेवू नका, धूर दिसत नसला तरी कार्बन मोनॉक्साइड निघत असतो आणि त्याला वासही नसतो. कंपनीने हे माहितीपत्रकात कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलंय, ते शेगडीवरच ठळक लिहायला पाहिजे होतं.